डोळ्यातलं फूल

भरमा नावगेकर, वय एकेचाळीस, गाव बेक्किनकेरे.
उजव्या डोळ्यावर हिरवा रुमाल धरून
बाकाच्या अगदी टोकाला.
'उसाचं पान लागलं, बाई. पाला काढालतो.
तेवढंच. रगत बी आलं नाही.'

तेवढंच.
मग अकरा दिवस.
आधी शेजारच्या बाळंतिणीचं दूध,
मग कोपऱ्यावरच्या मेडिकलातली एक बाटली.
तिनं लाली उतरली, दोन दिवस बरं वाटलं.
बरं वाटलं तेच वाईट झालं,
हे त्याला कसं सांगू?

बुबुळावरून सुईच्या टोकाएवढं खरवडलं,
प्लेटवर चंद्रकोरीसारख्या रेघा ओढल्या.
शिवलीलानं लेबल लावलं,
कन्नडमध्ये तारीख पुटपुटत.
तिसऱ्या दिवशी रेघांवर कापूस उगवला,
पांढरा, खालून जरा जांभळट.
लाज वाटते सांगायला,
पण सुंदर होता.

फ्युजॅरियम, मी म्हणाले.
बूष्टु, शिवलीला म्हणाली.
दारावरच्या पाटीवर शिलींध्र लिहिलंय.
भरमाच्या बायकोनं विचारलं,
'लोणच्यावर येती, ती बुरशी?'
तिचीच भाऊबंद.

बुबुळात रक्त जात नाही.
म्हणून तर ते काच.
कडेच्या लालीतून वाट काढत
पांढऱ्या पेशी आत येतात,
बुरशीच्या भिंतीतली साखर चाचपतात
(उसातली नव्हे, दुसरी),
ओळख पटली की थांबत नाहीत.
तंतू लांब, गिळता येत नाही.
मग पेशी स्वतःलाच फोडते,
पोटातले धागे जाळ्यासारखे फेकते,
जवळ असेल नसेल ते विष सांडते.
बुरशी मरते.
काच विरघळते.
उसात शिरलेल्या सापासाठी
फडच पेटवावा, तसं.

पिंजरा क्रमांक सातमधल्या उंदरात
ती साखर ओळखणारा रेणू नव्हता.
त्याचा डोळा लख्ख राहिला चार दिवस.
मी शिवलीलाला कुंदा आणायला पाठवलं.
पाचव्या दिवशी बुरशी
बुबुळ ओलांडून आतल्या पाण्यात पोचली होती.
कुंदा फ्रिजमध्ये तसाच.
त्या उंदराची शांतता आणि
भरमाच्या बाटलीतली शांतता एकच,
हे वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

परकं कोण आणि आपलं कोण,
या गावात हा प्रश्न मी फक्त पेशींनाच विचारते.
त्यांचंही उत्तर दर तासाला बदलतं.
सहा वर्षं मी एका 'कधी'पाशी अडलेय.
कधी येऊ द्यायचं त्यांना,
कधी म्हणायचं, पुरे, आता घरी जा.
निधी देणाऱ्यांना आलेख हवा असतो.
माझ्याकडे आलेख आहेत.
'कधी' नाही.

तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा.
बायकोनं मोबाईलचे गजर लावले चोवीस,
एकही चुकवला नाही.
डोळा वाचला.
मधोमध पांढरं राहिलं.
फूल पडलं, म्हणतात आमच्याकडं.
नेत्रपेढीच्या यादीत त्याचं नाव घातलंय,
यादी लांब आहे.

तीन महिन्यांनी आला तेव्हा
उबवणीच्या कपाटासमोर उभा राहिला,
चांगला डोळा काचेला लावून.
'बाई, हे बशीतलं फूल
आणि माझ्या डोळ्यातलं, एकच काय?'

नाही.
बशीतलं बुरशीचं.
डोळ्यातलं तुमचं. तुमच्याच पेशींनी केलंय.

तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, 'म्हणजे घरचंच की.'
आणि हसला. मला हसता आलं नाही.

मी दिलेला चष्मा त्याचा पोरगा
सायकलवर घालून फिरतो, असं कळलं.

काल गाळप सुरू झालं.
रस्त्यावर ट्रॉल्या, सांडलेलं वाडं.
आज सकाळी शिवलीला नेहमीपेक्षा लवकर आली,
काही न विचारता
तीस प्लेटा ओतायला घेतल्या.